चारशे तेरा नावांची कोरी फाइल

१

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. वाटली तर उलट मलाच वाईट वाटेल. आजवर बावीस जणांना सांगितली, एकानेही विश्वास ठेवला नाही, आणि तो विक्रम या वयात मोडायची माझी इच्छा नाही.

निवृत्त झाल्यापासून मी जुन्या ऑफिसात दुपारच्या चहाला जातो. चहा भिकार असतो, पण ऐकणारे ताजे असतात. परवा तिथे आठ दिवसांपूर्वी नोकरीला लागलेली एक चष्मेवाली मुलगी स्क्रीनकडे बघत कपाळाला हात लावून बसली होती.

"आजोबा, आपल्या सिस्टमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, एक ओळ आहे," ती म्हणाली. "दर वेळी डिस्कला विचारते, 'खरंच लिहून झालं का?' आणि उत्तर येईपर्यंत ढिम्म उभी राहते. ही ओळ काढली ना, तर मशीन दुप्पट वेगाने पळेल."

"काढ की मग," शेजारचा दाढीवाला म्हणाला. तो सगळ्याच गोष्टींना 'काढ की' म्हणतो, फक्त दाढी सोडून.

"काढ," मी म्हणालो. "पण आधी माझं ऐक. ही ओळ एकदा काढून झालेली आहे. त्यापायी एका बाईची नोकरी जाणार होती."

चष्मेवालीने खुर्ची अर्धी माझ्याकडे वळवली. अर्धीच. हात कीबोर्डवरच राहिले. आजकालची पिढी कानांनी ऐकते आणि बोटांनी दुसरंच काही करते.

तर झालं असं. तेव्हा हे ऑफिस एका रक्तपेढीच्या वरच्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, सहा टेबलं आणि एक लोखंडी कपाट. वर आम्ही ऑपरेटिंग सिस्टम बनवायचो आणि खाली रक्तपेढीत तीच चालायची. मी स्टोअरकीपर. केबली, स्क्रू, जुन्या डिस्का यांचा मी राजा. प्रोग्रामिंगशी माझा संबंध नळाच्या तोटीचा पाण्याशी असतो तेवढाच.

खाली एक तंत्रज्ञ बाई होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. दुर्मिळ रक्तगटाच्या दात्यांची यादी त्यांच्याकडे होती: नाव, पत्ता, रक्तगट, आधी कधी रक्त दिलं ते. सहा वर्षं एकेक माणूस शोधून, फोन करून, प्रसंगी दाराशी जाऊन त्यांनी ती यादी उभी केली होती.

महिन्याच्या दोन तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, इमारतीची वीज गेली. अकरा चाळीसला आली. साहेबांनी स्वतः मशीन चालू केलं आणि यादी उघडली.

फाइल जागेवर होती. नाव तेच. आत एकही दाता नव्हता. वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं.

आणि साहेब म्हणाले, "ताई, हे तुम्ही केलंत."

२

साहेब म्हणजे रक्तपेढीचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण एकदा मत झालं की ते सिमेंटसारखं घट्ट व्हायचं. त्यांच्याकडे कारण होतं. दोनच दिवसांपूर्वी ताईंचं आणि त्यांचं बढतीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. ताई भर व्हरांड्यात म्हणाल्या होत्या, "मी नसले की कळेल, ही यादी कोणाच्या जिवावर चालते ते."

रागात बोललेलं वाक्य हे उसन्या छत्रीसारखं असतं. आपण विसरतो, समोरचा विसरत नाही.

"पण रोजची प्रत असेल ना?" दाढीवाल्याने विचारलं.

होती ना! मशीन सुरू झालं की ते आपणहून यादीची प्रत काढायचं. अकरा चाळीसला ते सुरू झालं, इमानदारीत कोरी फाइल उचलली आणि भरलेल्या प्रतीवर नेऊन ठेवली. इतकं आज्ञाधारक यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

साहेबांनी चौकशीची मीटिंग ठेवली, चार तारखेला दुपारी. तोवर ताईंनी घरी बसायचं. मीटिंगमध्ये दोष सिद्ध झाला की नोकरी संपली, आणि जाणूनबुजून रुग्णांचं नुकसान केल्याचा शेरा कपाळी. तो शेरा घेऊन कुठल्याही दवाखान्याच्या पायरीवर उभं राहता आलं नसतं.

तीन तारखेला सकाळी ऑफिसच्या जिन्यात काठीचा आवाज आला. टक, टक, टक. वर आल्या त्या ताईंच्या आत्याबाई. उभ्या जन्मात त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. त्या निवृत्त लिफ्ट-तपासनीस होत्या. असं म्हणतात की त्यांनी नुसतं रोखून पाहिलं तरी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये घाबरून थांबायची.

"थापा," चष्मेवाली कीबोर्डवरून नजर न उचलता म्हणाली.

"थाप नाही, अतिशयोक्ती. थाप पुढे येईल, तेव्हा सांगतो."

आत्याबाई माझ्या टेबलाशी थांबल्या. "तू कोण?"

"स्टोअरकीपर."

"छान. म्हणजे तुला काही सिद्ध करायचं नाही. चल माझ्याबरोबर. मला जे जे दिसेल त्याला काय म्हणतात ते सांगायचं. मत द्यायचं नाही."

३

पहिल्यांदा आम्ही खाली गेलो. आत्याबाईंनी साहेबांना विचारलं, "फाइलमध्ये शून्यं आहेत म्हणता. किती?"

"किती म्हणजे? भरपूर."

"मोजा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलचा आकार काढून दाखवला. ब्याऐंशी हजार सहाशे अक्षरं.

"एका माणसाच्या नोंदीला किती अक्षरं लागतात?"

"ठरलेली दोनशे," मी म्हणालो. "नाव लहान असलं तरी उरलेली जागा रिकामी सोडतात."

आत्याबाईंनी पर्समधून पेन्सिलीचं थोटूक काढलं आणि माझ्या हातातल्या स्क्रूच्या पाकिटावर भागाकार मांडला. उत्तर आलं, चारशे तेरा.

भिंतीवर एक तारखेच्या संध्याकाळी छापलेली यादी टांगली होती. म्हणजे यादी कसली, नुसता आकडा: 'एकूण दाते ४१२.'

"हा चारशे तेरावा कोण?" आत्याबाईंनी विचारलं.

ट्रेमध्ये एकच अर्ज होता. एक सुतार, दोन तारखेला सकाळी अकराला रक्त दिलेला. कोपऱ्यात ताईंच्या हातची बारीक टीप: 'यादीत घेतलं, ११.१०.'

साहेबांनी अर्ज उलटून पाहिला. आत्याबाई थांबल्या नाहीत.

"साहेब, माझी भाची संतापलेली आहे. यादी पुसायला बसली आहे. तर ती आधी त्या सुताराची नोंद नीट भरणार, सेव्ह करणार, आणि मग ब्याऐंशी हजार सहाशे शून्यं मोजून टाकणार? ना एक कमी, ना एक जास्त? एवढा कामसू सूड मी तरी पाहिलेला नाही."

"पण नंतर पुसली असेल."

"कधी? अकरा दहाला सेव्ह केली. वीज कधी गेली?"

वीज घालवणारा तिथेच शिडीवर होता. इलेक्ट्रिशियन. संशयितांच्या यादीत तो दुसरा, कारण आधी न सांगता त्याने मेन स्विच पाडला होता. बॅटरी दुरुस्तीला गेलेली, त्यामुळे सगळी इमारत एका फटक्यात बंद.

"कामाच्या कागदावर अकरा दहाच आहे, बाई," तो वरूनच म्हणाला. "आणि सांगितलं नाही असं नाही. साहेबांना सांगितलं होतं. ते फोनवर होते, मान हलवली."

"मी फोनवरच्या माणसाला मान हलवली," साहेब म्हणाले.

"ते मला शिडीवरून कसं कळणार?"

"भांडण नंतर करा," आत्याबाई म्हणाल्या. "वीज आली तेव्हा माझी भाची कुठे होती?"

"बाहेर," साहेब हळूच म्हणाले. "सुताराला चक्कर आली होती. ती त्याला बाकावर झोपवून पाय वर धरून बसली होती. मशीन मीच चालू केलं."

आत्याबाईंनी काठी उचलली. "म्हणजे नवी यादी किती मोठी आहे हे मशीनला कळलं होतं. फक्त यादी कळली नव्हती. पिशवी आहे मापाची, आत धान्य नाही. हे माणसाचं काम नव्हे."

"मग कोणाचं?" साहेब उसळले. "मशीनचं? अहो, ही सिस्टम वीज घालवून हजार वेळा तपासलेली आहे! हजार वेळा! वर रजिस्टर आहे. हजारातून एकदाही फाइल बिघडली नाही. मग खोटं कोण बोलतंय, रजिस्टर की तुमची भाची?"

आत्याबाईंनी छताकडे पाहिलं. त्या छताच्या वर आमचं ऑफिस होतं.

४

आता बाण.

कर्नल लिहिणारा जो होता त्याला सगळे बाण म्हणत, कारण त्याला वेगाचं वेड. देखणा, हुशार, चेहऱ्यावर तेज.

"केस होते?" दाढीवाल्याने माझ्या टकलाकडे बघत उगाच विचारलं.

"भरपूर. मधे बोलू नकोस."

आत्याबाई त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या. "बाळ, मला लिफ्ट कळते. डिस्क कळत नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर तुझा कर्नल काय करतो?"

बाण खुलला. असं विचारणारं त्याला वर्षात कोणी भेटलं नव्हतं.

"सोपं आहे, आत्याबाई. कर्नल हा घरातला कर्ता माणूस. कुठल्याही प्रोग्रामला डिस्कवर काही लिहायचं तर यालाच सांगावं लागतं. आता समजा, अर्धं लिहून झालं आणि वीज गेली. अर्धं जुनं, अर्धं नवं, घोळ! म्हणून आपण जुन्याला हातच लावत नाही. नवी यादी दुसऱ्या जागी पूर्ण लिहायची. ती लिहून झाली की मग एक छोटी नोंद करायची: 'आजपासून यादी म्हणजे ही नवी.' ती नोंद व्हायच्या आधी वीज गेली तर जुनी यादी शाबूत. नंतर गेली तर नवी शाबूत. मधलं काही उरतच नाही."

"वा," आत्याबाई म्हणाल्या. "म्हणजे सगळं क्रमावर आहे. आधी मजकूर, मग नोंद."

"बरोबर!"

"आणि मजकूर उतरला हे तुला कोण सांगतं?"

"डिस्कच सांगते. 'झालं' म्हणते."

"आणि तिचं 'झालं' खरं असतं?"

"म्हणजे... डिस्कच्या आत एक छोटा खिसा असतो. आपण दिलेलं ती आधी खिशात टाकते, 'झालं' म्हणते, आणि सवडीने, तिच्या सोयीच्या क्रमाने, खऱ्या जागी लिहिते. खिसा रिकामा कर असं तिला बजावता येतं. पूर्वी आपण प्रत्येक नोंदीआधी बजावत होतो. ती ओळ मी काढली. फार वेळ खायची."

"कधी काढलीस?"

"गेल्या वर्षी. पण काढल्यावर तपासलं ना! हजार वेळा! वीज घालवून!"

"दाखव," आत्याबाई म्हणाल्या.

५

चाचणीचं मशीन लोखंडी कपाटाला टेकून होतं. बाणाने यादी लिहायला लावली आणि ऐन मध्यात मोठ्या ऐटीत पुढचं रीसेटचं बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली. मशीन पुन्हा सुरू झालं. यादी शाबूत.

"एक हजार एक," बाण म्हणाला.

"पुन्हा कर."

एक हजार दोन. यादी शाबूत.

आत्याबाई स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. त्या खाली वाकून डब्याला कान लावून होत्या. सत्तरीची बाई, गुडघे टेकून, जणू आत कोणी अडकलं आहे.

"आणखी एकदा," त्या म्हणाल्या. आणि बटण दाबल्या दाबल्या विचारलं, "हे घुंघुं काय वाजतंय?"

"पंखा," मी म्हणालो.

"आणि ही हिरवी लुकलुक?"

"डिस्कचा दिवा."

"वीज गेली ना आता? मग पंखा कोणाच्या हवेवर फिरतोय?"

बाणाने वाकून पंख्याकडे पाहिलं.

"बाळ," आत्याबाई उठत म्हणाल्या, "लिफ्टचा दोर तुटला तर ब्रेक लागतो का हे बघायचं असेल ना, तर आम्ही दोर सैल सोडून बघायचो. थांबायचं बटण दाबून बघणारे तपासनीसही होते. त्यांचे कागद फार सुंदर असायचे."

कळलं का? रीसेटने कॉम्प्युटरचं डोकं पुन्हा सुरू होतं, पण डिस्कची वीज जातच नाही. ती आपली शांतपणे खिशातलं सगळं जागेवर लिहून मोकळी होते. हजार वेळा बाणाने डोक्याला झोपवलं होतं, लिहिणाऱ्या हाताला एकदाही नाही. खाली इलेक्ट्रिशियनने मेन पाडला तेव्हा खिसाच गेला. छोटी नोंद तेवढी डिस्कने आधी उरकली होती, कारण ती तिच्या हाताशी होती. मजकूर खिशात राहिला, खिसा अंधारात.

"प्लग काढ," आत्याबाई म्हणाल्या.

आणि इथे खरी मेख होती. प्लग त्या लोखंडी कपाटाच्या मागे होता. कपाटात अकरा वर्षांची जाडजूड मॅन्युअलं. ते सरकवायला चार माणसं लागायची, म्हणून बाणाने पहिल्याच दिवशी रीसेटचं बटण बरं मानलं होतं. आळसाने नव्हे हो. वेळ वाचवायला.

कपाट सरकवलं. बाण स्वतः मागे शिरला. यादी लिहायला लावली, प्लग खेचला. पंखा थांबला. दिवा विझला. परत लावला. यादी शाबूत.

दुसऱ्यांदा शाबूत. तिसऱ्यांदा शाबूत. बाणाच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला.

चौथ्यांदा फाइल उघडली. नाव जागेवर, आकार बरोबर, आत नुसती शून्यं.

कपाटामागच्या धुळीत, हातात प्लग धरून, बाण ते बघत राहिला. त्याच्या मनात पहिला विचार आला तो ताईंचा नव्हता. पहिला विचार असा आला की खोलीत हे अजून कोणी पाहिलं का.

चष्मेवालीची बोटं थांबली.

६

पुढचं थोडक्यात सांगतो, चहा संपत आलाय.

चार तारखेला दुपारी मीटिंग झाली. साहेब, दोन वरिष्ठ, इलेक्ट्रिशियन, आणि ताई आपल्या आत्याबाईंच्या शेजारी. साहेबांनी आरोप वाचला. ताई म्हणाल्या, "मी पुसली नाही. याच्यापलीकडे माझ्याकडे काही नाही."

तेव्हा बाण उभा राहिला. साधासुधा नाही, वाघासारखा! म्हणाला, "ताईंनी काहीही केलेलं नाही. ती ओळ मी काढली. हजार वेळा मी चुकीचं बटण दाबलं. शिक्षा द्यायची तर मला द्या." दोन्ही वरिष्ठांच्या डोळ्यांत पाणी. साहेबांनी तिथल्या तिथे ताईंची माफी मागितली. इलेक्ट्रिशियनने टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी बाणाने ती ओळ कर्नलमध्ये परत घातली. शिवाय आणखी एक सोय केली: प्रत्येक नोंदीबरोबर मजकुराची एक बेरीज लिहून ठेवायची, आणि सुरू होताना ती जुळली नाही तर नोंद खोटी धरून जुनी यादीच राखायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कामावर हजर. पोत्यात बांधून ठेवलेले जुने कागदी अर्ज काढून तीन आठवड्यांत चारशे तेरा नावं पुन्हा भरली.

"अशी ही ओळ," मी कप खाली ठेवत म्हणालो. "आता काढायची तर काढ."

"काढत नाही," चष्मेवाली म्हणाली. तिने खुर्ची आता पूर्ण माझ्याकडे वळवली होती. "आजोबा, तुम्ही बोलत होतात तेव्हा मी या ओळीचा इतिहास उघडला. कर्नलमधली प्रत्येक ओळ कोणी घातली, कोणी काढली, सगळं राहतं इथे."

"राहतं का? अरे वा. स्टोअरकीपरला कुठलं माहीत असायला."

"काढणाऱ्याचं नाव आणि परत घालणाऱ्याचं नाव एकच आहे. तुमचं."

मी हसलो. पकडलं जाण्याची सवय आहे मला. "बरं, बाण मी. देखणा होतो हे तरी खोटं नाही. थोडं मीठमसाला लावून सांगितलं, एवढंच."

"तेवढंच असतं तर मी बोलले नसते." ती स्क्रीनकडे वळली आणि एकेक शब्द वाचू लागली. "'वाट बघण्याची ओळ परत घातली. चार तारखेला सकाळी एकट्याने प्लग काढून पाहिलं होतं, चौथ्या वेळी फाइल कोरी निघाली. चूक माझी.' या नोंदीची तारीख पंधरा आहे, आजोबा. आत्याबाई इथे कुठेच नाहीत. मीटिंगच्या आधीच तुम्हाला कळलं होतं. मग तुम्ही उभे राहिलातच नाही ना? ताई अकरा दिवस घरी बसून राहिल्या, तुमच्या एका वाक्यासाठी."